बोट घेत नाही, पिन सारखा मागतो : फोनच्या लॉकच्या त्याच त्या तक्रारी

जून लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गळक्या गच्चीच्या आणि तुंबलेल्या पार्किंगच्या फोटोंमध्ये एक प्रश्न हमखास येतो : "फोन बोटच घेत नाहीये, अजून कुणाला होतंय का?" डिसेंबरात पुन्हा तोच प्रश्न, तेव्हा कारण वेगळं असतं. उत्तरंही ठरलेली. सर्व्हिस सेंटरला दाखवा, फोन जुना झालाय, स्क्रीनगार्ड काढून बघा. मग शेवटी कुणीतरी लिहितं, "मी तर वैतागून लॉकच काढून टाकलंय. असं काय सोनं आहे माझ्या फोनमध्ये?"

सोनं असेल-नसेल, यूपीआय आहे, बँकेचे ओटीपी येतात, डिजिलॉकर आहे आणि ज्याच्यावरून बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलता येतात तो ईमेल उघडाच आहे. लॉक काढणारी मंडळी बेफिकीर असतात असं मला वाटत नाही. रोजच्या अडवणुकीला कंटाळलेली असतात. म्हणून आधी ही अडवणूक घालवू. सर्वांत भक्कम लॉक कुठलं हा वाद नंतर.

एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. फोनचं खरं लॉक म्हणजे पिन किंवा पासवर्ड. बोट आणि चेहरा या जुन्या वाड्याच्या मोठ्या दारातल्या दिंडीसारख्या सोयी आहेत : रोजच्या येण्याजाण्यासाठी. पिन लावल्याशिवाय कुठलाही फोन बोट नोंदवून घेत नाही ते याचसाठी.

पावसात बोट घेत नाही

सेन्सर कुठला आहे ते बघा. बाजूच्या पॉवर बटणात किंवा पाठीवर असेल तर तो बहुधा कपॅसिटिव्ह, म्हणजे त्वचेच्या उंचवट्यांमुळे आणि खाचांमुळे होणारा विद्युतभारातला फरक मोजणारा. बोट ओलं असलं की खाचांत पाणी भरतं, फरक पुसला जातो आणि सेन्सरला नुसता गोळा दिसतो. स्क्रीनखालचा सेन्सर बहुतेक फोनांत ऑप्टिकल असतो : बोट टेकवलं की तिथं झगझगीत उजेड पडतो आणि बोटाचा फोटो निघतो. त्यालाही पाणी नको, आणि काचेवरचं तेलाचं बोट तर नकोच. महागड्या फोनांत अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी ठसा वाचणारा सेन्सर असतो, तो ओल्या बोटाला जरा जास्त दाद देतो.

उपाय साधा आहे, फक्त नीट करायला हवा. सेटिंग्जमध्ये जाऊन जुनी सगळी बोटं काढून टाका. हात कोरडे करा, काच पुसा. मग ज्या अंगठ्याने रोज फोन उघडता तोच अंगठा दोनदा, दोन वेगळ्या नोंदी म्हणून द्या. पहिल्यांदा फोन हातात धरून, दुसऱ्यांदा टेबलावर ठेवून किंवा दुचाकीच्या होल्डरमध्ये असतो त्या कोनातून. बहुतेक जण नोंदवताना अंगठा अगदी सरळ, शाळेत शिक्का मारल्यासारखा ठेवतात आणि वापरताना तिरका टेकवतात. नोंदीत अंगठ्याची ती बाजू आलेलीच नसते. फोन "कडा टेकवा" म्हणतो तेव्हा कंटाळा न करता खरंच कडा टेकवा.

थंडीतली तक्रार याच्या उलट. त्वचा कोरडी पडते, उंचवटे काचेला नीट टेकत नाहीत. बोटावर तोंडाची वाफ सोडा किंवा हाताला क्रीम लावून, पुसून मग टेकवा. डिसेंबर-जानेवारीत पुन्हा एक नोंद घालून ठेवली तर तेवढंही करावं लागत नाही.

स्क्रीनगार्ड बदलल्यावर बोट नव्याने नोंदवायचं असतं, हे दुकानदार क्वचितच सांगतो. जाड टेम्पर्ड काचेसाठी काही फोनांत 'टच सेन्सिटिव्हिटी' वाढवायची सोय असते, ती चालू करा. आणि नवं गार्ड लावल्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी बोटाने फोन उघडतोय का ते एकदा बघाच. थट्टा नाही. २०१९ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी एस १० वर जेलचं कव्हर चढवलं की कुणाच्याही बोटाने फोन उघडू लागला होता. सेन्सर कव्हरवरची नक्षीच ठसा म्हणून वाचत होता. कंपनीने अपडेट देऊन ते दुरुस्त केलं.

काही हातांना मात्र हे उपाय पुरत नाहीत. आमच्या शेजारच्या आजी पोळ्या करताना फोन वाजला की करंगळी पदराला पुसून टेकवतात, कारण बाकीची चार बोटं कणकेत. करंगळी कधी नोंदवलेलीच नव्हती. ती नोंदवली आणि मामला मिटला. पण ज्यांचे ठसेच झिजलेत, वर्षानुवर्षं धुणीभांडी केलेले, फरशी-सिमेंटच्या कामातले, वय झालेले, ज्यांना रेशनच्या दुकानातल्या मशीनवरही अंगठा चारचारदा द्यावा लागतो, त्यांना पुन्हापुन्हा बोट टेकवायला लावणं हा छळ आहे. त्यांना सरळ सहा आकडी पिन द्या आणि आकड्यांचा आकार मोठा करून द्या.

हेल्मेट, स्कार्फ आणि चेहरा

पुण्यात चेहऱ्याचं लॉक चालवणं ही मुळात हौसच म्हणायची. दुचाकीवर निघताना डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ, वर गॉगल, वर हेल्मेट. सिग्नलला मॅप बघायला फोन उचलावा तर फोन मालकिणीला ओळखत नाही, आणि त्याचंही काही चुकत नाही. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या फोनांना २०२२ पासून मास्कसकट चेहरा ओळखायची सोय आली, पण ती डोळ्यांच्या भोवतालच्या भागावर चालते. गॉगल आणि स्कार्फ दोन्ही असतील तर त्याचाही इलाज नाही. तेव्हा निघण्याआधी मॅप लावून ठेवा, स्क्रीन चालू राहू द्या.

यात खरा घोळ वेगळाच आहे. 'फेस अनलॉक' हे एकच नाव दोन अगदी वेगळ्या गोष्टींना दिलंय. आयफोनचा फेस आयडी चेहऱ्यावर अदृश्य ठिपके टाकून त्याची खोली मोजतो. अनोळखी माणसाने सहज फोन उघडण्याची शक्यता दहा लाखांत एक, असं ॲपल सांगतं. बोटाच्या टच आयडीसाठी हाच आकडा पन्नास हजारांत एक. उलट, बहुतेक अँड्रॉइड फोन पुढच्या साध्या कॅमेऱ्याने सपाट फोटो जुळवतात. त्यातले काही चांगल्या छापील फोटोला फसतात, आणि भावाभावांत तर सर्रास गोंधळ होतो.

तुमचा फोन कुठल्या जातीचा, हे ओळखायला कुठलंही ॲप लागत नाही. बँकेचं ॲप उघडा. ते बोट स्वीकारतं पण चेहऱ्याचं नावही काढत नाही, असं असेल तर बहुधा फोननेच स्वतःच्या फेस अनलॉकला कच्च्या वर्गात टाकलंय. अँड्रॉइडमध्ये बायोमेट्रिकचे (बोट, चेहरा अशा शरीराच्या खुणांवरून ओळखण्याचे) तीन वर्ग आहेत आणि सर्वांत खालच्या वर्गाला बँकेच्या ॲपचं दार उघडायची परवानगीच नसते. ज्याच्यावर फोनचा स्वतःचा विश्वास नाही, त्याच्यावर आपण का ठेवावा? बंद करा. ठेवायचंच असेल तर निदान 'डोळे उघडे असतील तरच' हा पर्याय लावा, म्हणजे दुपारच्या झोपेत पोरं तुमच्या तोंडासमोर फोन धरून गेम उघडणार नाहीत.

मध्येच पिन का मागतो?

"बोट चालतंय, तरी दोन-तीन दिवसांनी अधिक सुरक्षेसाठी पिन द्या म्हणतो. हॅक झालाय का?" नाही. असंच व्हायला हवं.

अँड्रॉइडमध्ये पक्क्या वर्गातलं बायोमेट्रिक असेल तर साधारण ७२ तासांनी एकदा पिन मागायचा, असा नियम आहे. कच्च्या वर्गाला ही मुदत २४ तासांची. आयफोनचं गणित आणखी तिरपागडं : साडेसहा दिवसांत पासकोड टाकलेला नसेल आणि गेल्या चार तासांत चेहऱ्याने किंवा बोटाने फोन उघडलेला नसेल, तर मागतो. म्हणून तो बहुधा सकाळी उठल्या उठल्या मागतो आणि माणूस दचकतो. हे बंद करायची सेटिंग कुठेही नाही, शोधत बसू नका. याचा फायदा असा की तुम्ही पिन विसरत नाही. वर्षभर नुसत्या बोटावर फोन चालवून नंतर पिन आठवत बसलेली माणसं कमी नाहीत.

फोन बंद होऊन सुरू झाला की पहिल्यांदा पिनच लागतो. आतली माहिती कुलूपबंद सांकेतिक रूपात असते आणि ती उघडायची किल्ली पिनशिवाय तयार होत नाही. बोटाला तिथे काही कामच नसतं. एक नेहमीची तक्रारही याच्यातूनच निघते : "सकाळपासून व्हॉट्सॲप येत नाही, आणि फोन आला की नाव न दिसता नुसता नंबर दिसतोय." रात्री अपडेट होऊन फोन रीस्टार्ट झालेला असतो आणि तुम्ही अजून पिन टाकलेला नसतो. एकदा टाका, सगळं जागेवर येतं. तीन दिवस न उघडता पडून असलेला फोन आता आपणहूनही रीस्टार्ट होतो. आयफोनमध्ये ही सोय २०२४ च्या शेवटी आली, अँड्रॉइडमध्ये २०२५ मध्ये यायला लागली. गावाला ठेवलेला जादाचा फोन पिन मागतो तो यामुळे.

दिवसातून चारपाचदा मागत असेल तर मात्र काहीतरी बिघडलंय. एक तर फोन मध्येच आपोआप बंद-चालू होतोय (बॅटरी किंवा अपडेट बघा), नाहीतर खिशात किंवा पर्समध्ये स्क्रीन जागी होऊन सेन्सरवर मांडी, किल्ल्या, काय काय टेकतंय. पाच वेळा चुकलं की फोन बोट नाकारतो. 'उचलल्यावर स्क्रीन चालू' आणि 'दोनदा टॅप केल्यावर चालू' हे दोन पर्याय बंद करून बघा. पॉवर बटणातच सेन्सर असेल तर 'बटण दाबल्यावरच बोट वाच' असा पर्याय बऱ्याच फोनांत असतो, तो लावा. बहुतेकांचं इथेच भागतं.

पिन कुठला?

चार आकडी पिनच्या शक्यता दहा हजार, सहा आकडीच्या दहा लाख. पण हे गणित आकडे कसेही निवडले तरच. चार आकडी म्हटलं की माणूस गाडीचा नंबर टाकतो, जो पार्किंगमध्ये एमएच १२ च्या पुढे ठळक लिहिलेला असतो. सहा आकडी म्हटलं की जन्मतारीख, नाहीतर घरचा पोस्टाचा पिनकोड. कोथरूडकराचा ४११०३८, सदाशिव पेठेतला ४११०३०. पिन विचारला, पिन दिला!

पॅटर्न आवडणाऱ्यांची संख्या अजून मोठी आहे. नऊ ठिपक्यांवर ३,८९,११२ वेगवेगळे पॅटर्न काढता येतात, म्हणजे कागदावर चार आकडी पिनपेक्षा बरेच जास्त. पण काढतो कोण? बरेच पॅटर्न वरच्या डाव्या ठिपक्यावरून सुरू होतात आणि एल, झेड, एन असलं एखादं अक्षर काढून थांबतात. शिवाय रेघ काचेवर राहते. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तिरप्या उजेडात काचेचे फोटो काढून त्या तेलकट रेघेवरून पॅटर्न ओळखून दाखवले होते. मिसळ खाऊन फोन उघडणाऱ्याच्या काचेवर तेवढीही मेहनत लागणार नाही. पॅटर्न सोडवत नसेल तर निदान 'पॅटर्न दिसू द्या' हे बंद करा, म्हणजे पीएमपी बसच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्याला हिरवी रेघ दिसणार नाही.

मी सांगेन ते असं : सहा आकडे, ज्यांचा तुमच्याशी, घराशी, गाडीशी संबंध नाही, आणि जे यूपीआयच्या पिनशी जुळत नाहीत. ही शेवटची अट बाकी सगळ्यांहून महत्त्वाची. फोनचा पिन लोक दिवसभर चारचौघांत टाकतात. तोच यूपीआयचा असेल, किंवा यूपीआयचा चार आकडी पिन फोनच्या पिनमध्येच दडलेला असेल, तर मोठं दार आणि तिजोरी एकाच किल्लीने उघडली. यूपीआय लाइट (छोट्या रकमांसाठीची सोय) वापरत असाल तर तिथे हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला यूपीआय पिन लागतच नाही; लाइटमध्ये ठेवता येणाऱ्या पाच हजारांची राखण फोनचं लॉक आणि ॲपचं लॉक एवढंच करतं.

पासवर्ड, म्हणजे अक्षरं-आकडे मिसळून, हा सर्वांत भक्कम. ज्यांच्याकडे ऑफिसचा, अशिलांचा, रुग्णांचा डेटा आहे त्यांनी तो लावावा. बाकीच्यांवर मी तो लादणार नाही. महिन्याभरात १२३४ वर परत येतात.

लॉक आहे, पण लागतच नाही

ही तक्रार कुणी करत नाही, कारण ती लक्षातच येत नाही. पॉवर बटण दाबा, लगेच पुन्हा दाबा. फोन बोट न मागता उघडला? मग 'स्क्रीन बंद झाल्यावर किती वेळाने लॉक' इथे पाच मिनिटं, दहा मिनिटं असलं काहीतरी पडलंय. ते 'लगेच' वर आणा. तरीही उघडाच राहत असेल तर अँड्रॉइडमधलं 'एक्सटेंड अनलॉक' तपासा. पूर्वी त्याला स्मार्ट लॉक म्हणत. घरचा पत्ता किंवा ब्लूटूथ इयरबड तिथे 'विश्वासू' म्हणून टाकलेले असतात. इयरबड कानात आणि फोन तुळशीबागेत दुसऱ्याच्या हातात, दोघांमध्ये दहा पावलं अंतर : फोन उघडाच राहू शकतो. 'अंगावर असताना उघडा ठेव' हा पर्याय तर गर्दीच्या शहरात अजिबात नको. फोन अंगावर आहे एवढंच त्याला कळतं, अंग कुणाचं ते कळत नाही.

चोरी झालीच तर

गणपतीत लक्ष्मी रोडवर किंवा स्वारगेटला बसमध्ये चढताना फोन जातो तेव्हा चोर स्क्रीनच्या लॉकशी झुंजत बसत नाही. तो सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे यायला लागतात. त्यावर उपाय सिमच्या लॉकचा, जो आपल्याकडे जवळजवळ कुणी लावत नाही. सेटिंग्जमध्ये 'सिम लॉक' म्हणून असतो. मूळ पिन अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकलं की पीयूके (सिम कंपनीकडून मिळणारा सिम उघडायचा कोड) मागतो, आणि पीयूके दहादा चुकलं की सिमच बाद. आधी कंपनीला विचारा, मग स्वतःचा पिन लावा. ई-सिम (फोनमध्येच बसवलेलं सिम) असेल तर ते काढून नेण्याचा प्रश्नच येत नाही.

लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसत असेल तर तो दडवा. नाहीतर सिम न काढताही ओटीपी वाचता येतो. अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या फोनांत गुगलच्या सेटिंग्जमध्ये 'थेफ्ट प्रोटेक्शन' आहे : हातातून हिसकावून कुणी पळालं तर ती हालचाल ओळखून स्क्रीन लॉक होते. आयफोनमध्ये २०२४ पासून 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आहे; ते चालू असलं की घर-ऑफिसपासून दूर असताना नुसता पासकोड माहीत असून ॲपल खात्याचा पासवर्ड बदलता येत नाही. दोन्ही चालू करायला मिनिटभर लागतं.

फोन गेल्यावरचा क्रम : आधी सिम बंद, मग बँक आणि यूपीआय, मग दुसऱ्या फोनवरून 'फाइंड' सेवेतून लॉक, मग पोलिसांत तक्रार, आणि त्या तक्रारीच्या प्रतीवर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ब्लॉक. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला लगेच फोन. आयएमईआय *#०६# दाबून आजच लिहून ठेवा. फोन गेल्यावर तो दाबायला फोन नसतो.

पिन विसरलो

वाईट बातमी. आजच्या अँड्रॉइडमध्ये गुगल खात्याने लॉक उघडायची जुनी सोय नाही. फोन रीसेट करावा लागतो, आतलं सगळं जातं, आणि रीसेटनंतर आधीचं गुगल खातं मागितलं जातं. सॅमसंगमध्ये दूरून लॉक उघडायची सोय आधीच चालू केली असेल तर वाचाल. आयफोनमध्ये नुकताच पासकोड बदलून नवा विसरला असाल तर ७२ तासांपर्यंत जुना वापरून नवा ठरवता येतो. "डेटा न घालवता लॉक तोडून देतो" असं सांगणारा एकतर जुन्या फोनांबद्दल बोलतोय किंवा रीसेट करून देणार आहे.

दुरुस्तीला टाकतानाचंही सांगून ठेवतो. काउंटरवर पावती फाडताना पोऱ्या एका कोपऱ्यात पेनाने नऊ ठिपके काढतो, पेन आपल्या हातात देतो आणि म्हणतो, "दादा, पॅटर्न काढा." आपण बाणांसकट काढून देतो. ती पावती दिवसभर काचेखाली सगळ्यांना दिसेल अशी पडलेली असते. सॅमसंगच्या नव्या फोनांत 'मेंटेनन्स मोड' आहे, गुगलच्या पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड'. तो लावून फोन दिला की दुरुस्ती करणाऱ्याला सगळं तपासता येतं, पण तुमचे फोटो, मेसेज, ॲप दिसत नाहीत. असा मोड नसेल तर दुकानात शिरण्याआधी पिन बदलून तात्पुरता ठेवा आणि बँकेची ॲप काढून टाका. बॅटरी किंवा चार्जिंगचा पॉइंट बदलायला तर पिन लागतच नाही. मागितला तर नको म्हणा, आणि फोन परत घेताना तिथेच उभं राहून स्वतः उघडून बघा.